बर्गरापुढचं गाऱ्हाणं

दाजीमामांसमोर कोणी बर्गर ठेवला, की ते आधी उभे राहायचे. टोपी सारखी करायचे, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि भरल्या दुकानात खणखणीत आवाजात सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा..."

गाऱ्हाणं आमच्याकडे कोणाला नवीन नाही. देवळात घालतात, जत्रेत घालतात, नवी होडी पाण्यात लोटताना घालतात. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि बाकीचे मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. पण हॉटेलात जेवायच्या आधी गाऱ्हाणं घालणारा इसम अख्ख्या सिंधुदुर्गात एकच होता आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला होता.

मामांचा जन्म गेला देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा चढला, की निवृत्त झाल्यावरही तो खाली उतरलाच नाही. लग्न केलं नाही. का ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जामसंड्याच्या घरात एकेकाळी माणसांची दाटी होती म्हणतात. भाऊ मुंबईला गेले, बहिणी सासरी गेल्या, म्हातारी माणसं देवाघरी गेली आणि मामा तिथेच राहिले.

आम्ही कणकवलीत राहायचो. माझा नवरा विलास बँकेत, मी प्राथमिक शाळेत, आणि आमची एकुलती एक प्राजू. रविवारी मी गॅस पेटवणार नाही, हे मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे रविवारचं जेवण बाहेर. कधी मालवणला खानावळीत मासे, कधी कुडाळला बिर्याणी. दर रविवारी सकाळच्या गाडीने मामा पिशवीत दोन नारळ घालून हजर. हॉटेलात जाताना नारळ कशाला, असं मी एकदा विचारलं. "ऱ्हवांदे गो. रिकाम्या हातान कसा येवचा?" म्हणाले. ते नारळ आठवडाभर माझ्या आमटीत जायचे, तेव्हा मीही पुढे काही बोलले नाही.

जेवण आलं की गाऱ्हाणं. त्याला मामांचे नियम होते. पहिला म्हणजे, ताटातलं सगळं देवाला समजावून सांगायचं. दुसरा त्याहून महत्त्वाचा. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतः "व्हय" म्हणायचं नाही, ते दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं. "आपणच मागूचा आणि आपणच व्हय म्हणूचा, ह्या काय खरा न्हय," मामा सांगायचे. "दुसऱ्यान व्हय म्हटल्याबिगर गाऱ्हाणा देवाकडे पोचणा नाय." म्हणून विलास आणि मी ताटात बघत, ओठ न हलवता "व्हय म्हाराजा" पुटपुटायचो. मामांना ते चालत नसे. ऐकू आलं नाही तर ते तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, आणखी मोठ्याने. त्यामुळे पहिल्याच फटक्यात नीट "व्हय" म्हणणं आमच्या सोयीचं होतं.

गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य मात्र कधी बदललं नाही. "आणि म्हाराजा, आज जो कोण एकटो जेवता, तेका पंगत दी." हे वाक्य आमच्या डोकेदुखीचं मूळ होतं, कारण ते म्हणून झालं की मामा डोळे उघडून खानावळभर नजर फिरवायचे. कोपऱ्यात कोणी एकटा जेवताना दिसला, की संपलं.

मालवणच्या खानावळीत एकदा असाच एक औषध कंपनीचा विक्रेता बसला होता. टाय लावलेला, पायाशी काळी बॅग. मामा सरळ त्याच्याकडे गेले. त्याचं ताट उचललं आणि आमच्या टेबलावर आणून ठेवलं. ताटामागोमाग तो बिचाराही आला, करणार काय?

"खंयचो तू?" मामा.

"सांगलीचा."

"मगे सुरमय खा. सांगलीक काय गावतला तुका?" आणि माझ्या ताटातली तुकडी त्याच्या ताटात गेली. जाताना त्याने विलासला पोटदुखीच्या गोळ्यांची पाकिटं भेट दिली आणि मामांना वाकून नमस्कार केला. माझी सुरमई गेल्याचं दुःख मला संध्याकाळपर्यंत होतं.

"पण मामा, एखाद्याला एकटं जेवायचंच असेल तर?" मी परतताना विचारलं होतं.

"एकट्यान जेवचा कोणाक नसता," मामा म्हणाले. "आणि असला तरी, देवाक सांगून ठेवलेला बरा."

देवाक सांगून ठेवलेला बरा. पाऊस लांबला, गाडी उशिरा आली, विलासची बढती अडली, प्रत्येक गोष्टीवर मामांचा हा एकच उपाय.

मग कणकवलीत आग्नेलने बर्गरचं दुकान काढलं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आग्नेल वेंगुर्ल्याकडचा ख्रिस्ती, गोव्यातल्या हॉटेलात काम शिकून आलेला. लाल खुर्च्या, काचेचं दार, मोठ्याने गाणी. प्राजू तेव्हा अकरावीत. दर रविवारी मासे खाऊन ती कंटाळली होती आणि तिच्या वर्गातली सगळी पोरं आग्नेलकडे जात होती. शेवटी एका रविवारी आमची वरात तिकडे गेली.

मामांनी बर्गर चारी बाजूंनी न्याहाळला. वरचा पाव उचलून आत डोकावले, पुन्हा ठेवला. मग उभे राहिले.

"आई, प्लीज," प्राजू कळवळली. पण बर्फाच्या कारखान्यातला आवाज सुरू झाला होता.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां आग्नेलाच्या दुकानात इली हत. ह्या पावाच्या मधी जा काय घातलेला आसा, ता तुका ठावक आणि आग्नेलाक ठावक. आमका काय एक ठावक नाय. तरी ता गोड मानून घी. पोटात काय वाकडा-तिकडा झाला, तर ता सरळ कर रे म्हाराजा."

गाणी थांबली. आग्नेलने ती स्वतः बंद केली होती आणि हातातला चिमटा खाली ठेवून तो मान लववून उभा होता. सगळं संपल्यावर त्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. "आमच्या घराकडे पण जेवच्या आदी म्हणतत," तो म्हणाला, "ह्या दुकानात म्हणणारे तुमीच पयले." त्या दिवसापासून मामा आणि आग्नेल यांची गट्टी जमली. मामांच्या बर्गरात तो न सांगता मिरचीची चटणी घालायचा आणि मामांना तो प्रकार मनापासून आवडायला लागला. फक्त शीतपेयातल्या बर्फाकडे ते दुःखाने बघायचे. तो विरघळलेला त्यांना बघवत नसे.

सगळं बरं चाललं होतं. पण मामांच्या गाऱ्हाण्यात घरातली एकेक गोष्ट यायची. विलासची कंबर, माझा रक्तदाब, प्राजूचं गणित. रविवारचं गाऱ्हाणं म्हणजे आठवड्याचा साठा. बर्गर थंड व्हायचा तरी यादी संपायची नाही. आणि एका रविवारी, शेजारच्या टेबलावर प्राजूच्या वर्गातले चार मुलगे बसलेले असताना, मामा डोळे मिटून म्हणाले, "आणि म्हाराजा, ह्या आमच्या प्राजू चेडवाच्या तोंडार जी मुरमां इली हत, ती बेगीन घालव. चेडू आरशासमोर रडता रे म्हाराजा."

मग शेजारच्या टेबलावरून चारही गळ्यांतून एकदम आलं, "व्हय म्हाराजा."

मामा खूश झाले. इतकं दणदणीत "व्हय" त्यांना आमच्याकडून कधी मिळालं नव्हतं. "गुणाची पोरां," ते मला म्हणाले. प्राजू बर्गर तसाच टाकून उठून गेली.

सोमवारपासून कॉलेजात तिचं जिणं हराम झालं. ती जिन्यावरून उतरली की खालून "व्हय म्हाराजा". फळ्यावर गणित सोडवायला उठली की मागच्या बाकावरून "व्हय म्हाराजा". दोन-तीन दिवस ती घरात कोणाशी धड बोलली नाही. मग तिने तिची अट सांगितली. येत्या रविवारी तिचा वाढदिवस होता. मैत्रिणींना आग्नेलकडे बोलवायचं होतं. "दाजीआजो आला तर मी येणार नाही. त्याला सांग, येऊ नको म्हणून."

मी विलासकडे पाहिलं. विलासने वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. "तूच सांग," कागदामागून आवाज आला, "तुझं ऐकतात ते."

मामांकडे फोन नव्हता. "माका ऐकाक येणा नाय त्यातला," म्हणून त्यांनी घेतला नव्हता, आणि खरं तर त्यांना फोनची गरजही नव्हती, त्यांचा आवाज तसाच कणकवलीपर्यंत आला असता. तेव्हा त्याच आठवड्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी मी जामसंड्याला निघाले. प्राजू बरोबर आली. मी ऐनवेळी कच खाईन, अशी तिला खात्री होती आणि ती काही चुकीची नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. अंगण शेणाने सारवलेलं, पडवीत नारळ सोलून ठेवलेले. दोन वेगळे काढून ठेवले होते, ते कोणासाठी हे मला कळलं. दार उघडंच होतं. चपला काढून आम्ही आत गेलो आणि माजघरातच थांबलो, कारण पलीकडे स्वयंपाकघरात मामा आमच्याकडे पाठ करून उभे होते. पुढे पाट, पाटासमोर एक ताट. भात, बांगड्याचं तिखलं, वाटीत सोलकढी. मामांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतका हळू, की शेजाऱ्याशी कुंपणाच्या गडग्यावरून बोलावं तसा.

"बा देवा म्हाराजा, विलासाची कंबर सांभाळ. खुर्चेर बसान बसान दुखता तेची. सूनबाय गोळी घेवक विसारता, तिका आठवण कर. आणि माझ्या प्राजूक, म्हाराजा, काय तरी झाला हा. त्या दिवशी जेवल्याबिगर उठान गेली. माझा काय चुकला असात तर माका सांग, पण चेडवाक उपाशी नको ठेव."

प्राजूने माझा दंड घट्ट धरला.

"आणि आज जो कोण एकटो जेवता, तेका पंगत दी म्हाराजा."

एवढं बोलून मामा थांबले. हात जोडलेलेच. इथे आम्ही "व्हय" म्हणायचो. मामा वाट बघत उभे राहिले. घरात कोणी नव्हतं आणि हे त्यांना माहीत होतं, तरी ते उभे राहिले, आणि मला एकदम समजलं, की हा माणूस रोज असाच उभा राहतो. रोज आमच्यासाठी मागतो, "व्हय" म्हणायला कोणी नाही म्हणून ते मागणं तसंच घरात पडून राहतं, आणि रविवारी नारळांबरोबर तो ते कणकवलीला घेऊन येतो. तो एकटा जेवणारा कोण, हे इतकी वर्षं आम्ही हॉटेलांच्या कोपऱ्यात शोधत होतो. मला "व्हय" म्हणायचं होतं, पण आवाज फुटेना.

"व्हय म्हाराजा," माझ्या मागून प्राजू म्हणाली. मोठ्याने म्हणाली, मामांनी वाक्य पुन्हा म्हणायला लागू नये इतक्या मोठ्याने.

मामा लगेच वळले नाहीत. टोपी काढली, तिनेच डोळे पुसले, पुन्हा घातली. "कोण ता?"

"मी, प्राजू."

"हात धुवन ये. सूनबाय, पानां घी गो. बांगडे आसत अजून."

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. मामांनी मोठा बांगडा प्राजूच्या ताटात वाढला आणि ती पहिला घास खाईपर्यंत स्वतः जेवायला सुरुवात केली नाही. मग त्यांनी विचारलं, "आज कशी वाट चुकलास? काय काम होता?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच प्राजू बोलली. एरवी घरात मालवणी बोलायची तिला लाज वाटायची. "आयतवारी माझो वाढदिवस. बारा वाजता आग्नेलाकडे. माझ्यो मैत्रिणी येतल्यो."

मामांचा हात ताटावर थांबला. "मगे ती तुमची पंगत, बाय. थंय म्हाताऱ्याचा काय काम?"

"गाऱ्हाणा कोण घालतलो मगे?"

मामा भातात सोलकढी ओतत राहिले, वाटी रिकामी झाली तरी.

"फक्त आजो," प्राजू खाली बघत म्हणाली, "मुरमांचा नको."

मामांनी बराच विचार केला. गोष्ट साधी नव्हती. "ता सोडूक येवचा नाय गो. देवाक सांगून ठेवलेला बरा," ते म्हणाले. "बरा, ता तेवढा मनातल्या मनात सांगान." मग त्यांना नवीनच अडचण दिसली. "पण मनातल्याक व्हय कोण म्हणतला?"

"मी म्हणतंय," प्राजू म्हणाली, आणि तिने आणखी भात मागितला.