बेडकाचं झबलं

श्रीकांत सरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते नेमकं बेडकाबद्दल होतं!

पत्र नेहाचं होतं, त्यांच्या शेवटच्या तुकडीतल्या विद्यार्थिनीचं. सह्याद्रीच्या दाट जंगलात तिला नखावर मावेल एवढा बेडूक सापडला होता. जात अगदी नवी! 'सर, तुम्ही मला दिलेल्या जुन्या वहीत याचंच चित्र आहे. त्याला तुमचंच नाव द्यायचंय. फक्त होकार कळवा.'

चार महिने ते पत्र चष्म्याच्या घरात दडून होतं. कारण वहीत चित्राखाली सरांनीच लिहिलं होतं, 'बहुधा दुसऱ्या कुणाचं पिल्लू असावं.' असं लिहिणाऱ्याचं नाव बेडकाला? बेडूक काय म्हणेल!

"आज दहा मिनिटांत नकार लिहितो!" सरांनी एका सकाळी छाती पुढे काढून जाहीर केलं. ज्यात शंका नव्हती ते आधी, म्हणून पाकिटावर पत्ता लिहिला. मग अडकले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी अरुणाताईंनी जवळच डिंडोलीला राहणाऱ्या नणंदेला, पुष्पाबाईंना, फोन केला. "वन्सं, तुमच्या भावाचं नाव ठेवतायत एका बेडकाला."

"आणि मला विचारलं नाही?" पुष्पाबाई कडाडल्या. "नाव ठेवायचा मान आत्याचा!"

तासाभरात रिक्षातून पाळणा उतरला. पाठोपाठ घुगऱ्यांचं पातेलं! पुष्पाबाई घरी साड्यांना लेस लावायच्या. उरलेल्या जरीच्या तुकड्यातून त्यांनी बसल्या बसल्या झबलं शिवलं, टिकलीएवढं. त्यावर सोनेरी दोऱ्याने 'श्री' काढला. "'कांत'ला जागा नाही रे, दादा. पोटच केवढं त्याचं!"

पाळणा बघून शेजारच्या प्रमिलाबाई दारातच थबकल्या. सर चौऱ्याहत्तरचे, अरुणाताई सत्तरच्या! त्यांनी भीत भीत आपल्या अहिराणीत मुलगा की मुलगी ते विचारलं, "पोऱ्या शे का पोर?"

"नर आहे," सर लाजून म्हणाले. "ओरडत होता."

अर्ध्या तासात सगळी बिल्डिंग घुगऱ्या खायला हजर! सरांचा तरुणपणीचा फोटो पाळण्यात ठेवावा का, यावरही चर्चा झाली. पाळण्यात मात्र नेहाच्या पत्रासोबत आलेला बेडकाचा फोटो. पुष्पाबाईंनी वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. कान कुठे असतो, हे सरांनी दाखवलं.

"थांबा, मी नकार देतोय!" सर ओरडले. पण त्यांचं ओरडणं त्या बेडकाहून लहान. कुणालाच ऐकू गेलं नाही.

मग ते आतल्या खोलीत बसले आणि चार पानं नकार लिहिला. 'बहुधा' अकरा वेळा, 'कदाचित' चौदा वेळा. हात पुसायला उठले, आणि परत येताना टेबलावरचं पाकीट उचललं. चिकटवलेलंच होतं. अरुणाने केलं असेल! धीर सुटायच्या आत सर नाक्यावर धावले, पाकीट पेटीत टाकलं आणि सुटकेचा श्वास सोडून घरी आले.

अरुणाताई चार पानं हातात घेऊन दारात उभ्या. "अहो, हे इथेच राहिलं की!"

"मग पाकिटात काय गेलं?"

"झबलं!" पुष्पाबाई घुगऱ्या चावत म्हणाल्या. "मीच घालून चिकटवलं. बाळाला थंडी वाजायची."

सर पाळण्याशेजारी बसले. हळूच म्हणाले, "पुष्पे... तिकीट पुरेसं लावलं होतंस ना गं?"