हेडक्लार्कची गाठ

सिंकखालचं कपाट आवरायला घ्यावं असं हेडक्लार्कांना त्या रविवारी का वाटलं, देव जाणे. कोणी सांगितलं नव्हतं. बायकोने तर नाहीच नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याने एखादी गोष्ट आवरली की पुढचे चार दिवस ती आपल्याला शोधावी लागते, हे ती केव्हाच शिकली होती. पण सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी काही काही माणसांना एक सुरसुरी येते. तशी ती आली.

हेडक्लार्क म्हणजे शहराच्या सांडपाणी विभागातले हेडक्लार्क. शेजारीपाजारी, दुकानदार सगळे त्यांना याच नावाने ओळखत. बायकोसुद्धा चिडली की हेच म्हणे. बावीस वर्षं त्यांनी तक्रारींच्या टेबलावर काढली होती. शहरात कुठे पाणी तुंबलं की तो कागद त्यांच्यापुढे येई, आणि त्यावर 'सदर ठिकाण आमच्या हद्दीत येत नाही' असं वळणदार अक्षरात लिहून ते तो पुढे ढकलत. (प्रत्यक्ष गटार त्यांनी ऑफिसला जाता-येताच पाहिलं होतं, तेही नाकाला रुमाल लावून.) मात्र या बावीस वर्षांत त्यांनी एक विद्या कमावली होती. फायलींचा गठ्ठा बांधायची गाठ. पांढऱ्या नाडीचे दोन वेढे, एक पीळ, वर छोटंसं फूल. 'हेडक्लार्कची गाठ' म्हणून ऑफिसात ती प्रसिद्ध होती. "माझी गाठ आजवर कुणाला सुटलेली नाही," असं ते अभिमानाने सांगत. (पाठीमागे शिपाई म्हणत, "म्हणून तर फायली उघडत नाहीत.")

घरातही जे जे मोकळं दिसेल ते ते हेडक्लार्क बांधत. जुनी वर्तमानपत्रं, छत्र्या, सासऱ्यांच्या औषधांचा डबा, पंख्याची वायर. (नाडी ऑफिसातली नव्हे हो, स्वतः विकत आणलेली. हे त्यांनी आपण होऊन तीनदा सांगितलं आहे, तेव्हा आपण मानू.) त्या रविवारी कपाटातल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून झाल्यावर त्यांना डिशवॉशरची लांबलचक नळी अस्ताव्यस्त पडलेली दिसली. त्यांना ते बघवेना. तिची त्यांनी तीन पदरी घडी घातली, मधोमध गाठ मारली आणि समाधानाने हात झटकले.

सोमवारी सकाळी डिशवॉशरचं दार उघडलं तर तळाशी वीतभर पाणी, आणि त्यात रात्रीचा भात तरंगतोय.

"अहो, मशीनमधलं पाणी जात नाहीये," बायको म्हणाली.

"अजिबात जात नाही, का अंशतः जातं?"

"म्हणजे?"

"तक्रारीचं स्वरूप नीट कळायला हवं."

"स्वरूप असं आहे की मला शाळेत पोचायला उशीर होतोय आणि कप एकही धुतलेला नाही."

हेडक्लार्कांनी त्याच दिवशी एक फाइल उघडली. सोमवारी त्यांनी तळाची जाळी काढून घासली. एक लिंबाची बी आणि बरणीचं लेबल मिळालं, दोन्हींची नोंद झाली. मंगळवारी मशीन रिकामंच चालवून पाहिलं. पाणी ना धड जाई, ना धड राही. थोडं थोडं झिरपे आणि बाकीचं तसंच. बुधवारी बायकोने फर्मावलं, "आता हात लावू नका. मेकॅनिकला फोन करा."

फोनवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, पाणी सोडायची नळी कुठे दबली-वाकली नाही ना? जरा बघून सांगता का?"

"तो प्रश्नच उद्भवत नाही," हेडक्लार्क म्हणाले. "ती मी रविवारीच स्वतः व्यवस्थित लावली आहे."

मेकॅनिकची पुढच्या बुधवारची तारीख मिळाली.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. बायकोचे वडील, अण्णा. पंपाच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते. पाठीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला होता आणि तीन महिने वाकायला मनाई केली होती, म्हणून लेकीने त्यांना इथे आणलं. आईच्या माघारी ते एकटेच राहत. आता त्यांनी कायमचं इथेच राहावं, अशी तिची फार इच्छा होती. आणल्यापासून त्यांचे लाड चालले होते. खिडकीपाशी आरामखुर्ची, पाठीला उशी, हातात पेपर. ते उठायला लागले की लेक म्हणे, "अण्णा, आराम करा." जावई म्हणे, "अण्णा, तुम्ही आराम करा." आठ आठवडे आराम करून अण्णांचं तोंड औषध घेतल्यासारखं झालं होतं.

त्या आठवड्यात लेक रोज सिंकशी उभी राहून भांडी घासत होती. अण्णा बाह्या सरसावून गेले की त्यांना परत खुर्चीत आणून बसवलं जाई. मशीन घूं घूं करायला लागलं की ते पेपर खाली ठेवून कान टवकारत.

"जावईबापू, हा आवाज..."

"काही काळजी करू नका अण्णा, तक्रार नोंदवलीये. तुम्ही आराम करा."

शुक्रवारी जेवताना अण्णा म्हणाले, "परवा सकाळच्या गाडीने मी घरी जातो."

लेकीचा घास हातातच राहिला. "अण्णा, पण का? काय कमी आहे इथे?"

"कमी काहीच नाही गं. तेच तर," अण्णा म्हणाले आणि भात कालवू लागले.

नंतर ती सिंकपाशी तोंड फिरवून उभी राहिली. नळ सोडलेला होता, पण भांडं काही घासलं जात नव्हतं. हेडक्लार्क जवळ गेले.

"तिकडे एकटे राहणार," ती डोळे पुसत म्हणाली. "आजारी पडले तरी कळवायचे नाहीत. मला तर रात्र रात्र झोप लागणार नाही."

एकोणीस वर्षांत ती कितीदा रडली हे हेडक्लार्क बोटांवर मोजू शकले असते. अण्णा का चालले, याचा त्यांनी बसून साधक-बाधक विचार केला, आणि निष्कर्ष काढला की स्वयंपाकघराची ही अवकळा पाहून पाहुणा माणूस कंटाळला. खरकट्याचा वास, सिंकमध्ये ढीग, लेकीचे हाल. कुठल्या बापाला बघवेल? म्हणजे मशीन सुरू झालं की अण्णा राहणार. (बावीस वर्षं तक्रारी वाचून माणूस इतका हुशार होतो.)

शनिवारी बायको परीक्षेच्या कामाला शाळेत गेली. जाताना म्हणाली, "चारला येते. अण्णांची बॅग तेवढी बांधून द्या, तिची चेन तुटलीये. मशीनला हात लावू नका."

बॅग त्यांनी बांधली. दोन वेढे, एक पीळ, वर फूल. मग मशीनला हात लावला.

पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी तळातलं पाणी वाटीवाटीने बादलीत काढलं. पंपावरचं झाकण काढून आत बोट घातलं. काही नाही. मग तुंबलंय ते सिंकखालीच, असं ठरवून तिथली, सिंकच्या पाइपाला जोडलेली प्लॅस्टिकची बाटली फिरवून काढली, स्वच्छ निघाली. तीही नोंद झाली. एवढं सगळं शिस्तीत पार पडल्यावर त्यांनी बादली उचलली, आणि बादली रिकामी करायची म्हणजे माणूस जिथे करतो तिथेच केली. सिंकमध्ये.

सिंकची बाटली तर बाजूला ओट्यावर होती.

सगळं पाणी, भातासकट, सरळ त्यांच्या पायांवर आलं आणि तिथून दिवाणखान्याकडे निघालं.

खुर्चीतून अण्णांचा शांत आवाज आला. "पाणी निघालं वाटतं."

हेडक्लार्क ओल्या फरशीवर मटकन बसले. घड्याळात अडीच वाजले होते. चार वाजता बायको येणार, उद्या अण्णा जाणार, आणि आपण इथे भातात बसलोय. त्यांना स्वतःची खरोखर कीव आली. बावीस वर्षांत त्यांनी कधी वरिष्ठांकडेसुद्धा जे मागितलं नव्हतं ते त्यांनी शेवटी मागितलं.

"अण्णा," ते म्हणाले, "जरा येता का? मला काही समजत नाहीये."

वाक्य पुरं व्हायच्या आत अण्णा दारात उभे. पट्टा आवळलेला, चष्मा डोळ्यांवर, हातात टॉर्च. टॉर्च कुठून आला विचारू नका. आठ आठवडे तो उशीखालीच असणार.

"मी वाकणार नाही," अण्णा म्हणाले. "लेकीला शब्द दिलाय. तुम्ही वाका, मी सांगतो. आधी ती बाटली बसवा. हाताने. हाताने म्हणतोय, पक्कड ठेवा ती! आटे तोडाल. आता हे पुसा. आता एक तांब्या पाणी घाला मशीनमध्ये आणि पाणी सोडायचं बटण दाबा."

मशीन घूं घूं करू लागलं. अण्णांनी लाकडी डावाचं एक टोक मशीनला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. आठ आठवड्यांत त्यांचा चेहरा इतका खुशीत हेडक्लार्कांनी पाहिला नव्हता.

"पंप ठणठणीत आहे," अण्णा म्हणाले. "बिचारा जीव तोडून ढकलतोय. पुढे वाट नाही त्याला. आवाज ऐकून सोमवारीच वाटलं होतं मला."

"मग सोमवारीच बोलला का नाहीत?"

"आराम करत होतो."

"नळी चेपलीय कुठेतरी," अण्णा म्हणाले. "आत शिरा आणि बघा."

हेडक्लार्क टॉर्च घेऊन कपाटात पाठीवर सरपटत शिरले. उंचीप्रमाणे लावलेल्या बाटल्या धडाधड आडव्या झाल्या.

"सापडली का नळी?"

"सापडली."

"कशी आहे?"

"व्यवस्थित आहे. म्हणजे... बांधलेली आहे."

"बांधलेली? नळी कोण बांधतं?"

हेडक्लार्कांनी टॉर्च जवळ नेला. तक्रारीचं कारण शोधायला त्यांनी सहा दिवस फाइल चालवली होती, आणि कारण नाकासमोर लोंबत होतं, फुलासकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"जावईबापू?"

"मी," आतून बारीक आवाज आला. "मोकळी पडली होती म्हणून."

अण्णा हसले नाहीत. (हेडक्लार्क हे त्यांचे उपकार आजही मानतात.) ते एवढंच म्हणाले, "सोडा मग."

पण गाठ सुटेना. नाडी भिजून आवळली होती. नखं लावून झाली, दात लावून झाले. शेवटी अण्णांनी वरून सुरी पुढे केली. "कापा."

"कापू?"

"नाहीतर बुधवारच्या मेकॅनिकला दाखवू."

बावीस वर्षांत पहिल्यांदा हेडक्लार्कांनी नाडी कापली. नळी अंग झटकून सरळ झाली, आणि दुसऱ्याच क्षणी पाणी असं खळखळत गेलं की दोघंही ते संपेपर्यंत ऐकत राहिले.

चारला बायको आली तेव्हा मशीन चालू होतं. अण्णा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते आणि सिंकखालून बाहेर आलेल्या दोन ओल्या पायांना सूचना देत होते.

"काय झालं होतं मशीनला?" तिने विचारलं.

पाय हलायचे थांबले.

"नळी चेपली होती," अण्णा म्हणाले. "होतं असं, मशीन जुनं झालं की."

तिने ओट्यावरची कापलेली नाडी उचलली. फूल तेवढं शाबूत होतं. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा पायांकडे, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. हुंदका नव्हता तो, एवढं पायांनाही कळलं.

रविवारी सकाळी हेडक्लार्क लवकर उठले. अण्णांना गाडीवर पोचवायचं होतं आणि मनाला वाईट वाटत होतं. पाहतात तर अण्णा आंघोळ करून फ्रिजला डाव टेकवून उभे. टेबलावर हेडक्लार्कांची फाइल उघडी होती आणि तिच्यात नव्या अक्षरात भरभरून लिहिलेलं.

"अण्णा, गाडी चुकेल ना?"

"गाडी कसली? घर फिरून पाहिलं मी. सतरा गाठी निघाल्या. पंख्याची वायर पिळून बांधलीत, कपडे धुवायच्या मशीनची नळी बांधलीत, गच्चीवर टाकीचा पाइप बांधलात. हे असं सोडून जाऊ मी? माझी लेक राहते इथे. दोन-तीन महिने तरी लागतील. पुढचं पुढे बघू."

आतून बायको चहा घेऊन आली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. तिने चहाचा कप अण्णांच्या हातात दिला. 'आराम करा' असं काही म्हणाली नाही.

हेडक्लार्कांना भरून आलं. फाइलमध्ये 'तक्रारीचं कारण' या रकान्यात सतराही ठिकाणी 'जावई' लिहिलेलं होतं, तेही त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं होतं, कसं का होईना. ते लगबगीने म्हणाले, "बसा अण्णा, मी बॅग सोडून देतो तुमची. ती गाठ दुसऱ्या कुणाला सुटायची नाही."

"ती होय?" अण्णा म्हणाले. "ती मी कालच सोडली. एका हाताने."

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. बावीस वर्षांची कमाई होती ती. "एका हाताने?"

"काय करणार," अण्णा म्हणाले, "दुसऱ्या हातात चहा होता."