डॉक्टर करकोचे आणि दाढीचा सिद्धांत

बाळांनो, एका जंगलात माणसांचा अभ्यास करायची साथ आली.

तिथे भुरकी नावाची वानरी राहायची. तिचं झाड वनरक्षकाच्या घराला अगदी लागून. त्यामुळे माणसांचा संसार तिला रोज दिसे.

एकदा डॉक्टर करकोचे या विद्वान करकोच्याने तळ्याकाठी सभा भरवली.

"माणसाच्या नराला दाढी का येते? फार पूर्वी दाढीवाला नर बलवान दिसे. मादी त्याच्यावर भाळे. बिनदाढीचे बिचारे निपुत्रिक मेले. म्हणून दाढी!"

टाळ्या पडल्या. भुरकीने हात वर केला.

"सर, आमच्या शेजारच्या वहिनी तर नवऱ्याला म्हणतात, 'अहो, आधी ती दाढी काढा. टोचते.'"

डॉक्टर हसले. "बाई, मादी काय म्हणते याला शास्त्रात अर्थ नसतो. ती का म्हणते, ते तिला कळत नाही. आम्हाला कळतं."

"पण तो रोज घोटून काढतो, त्याचं काय?"

"पात्याशी खेळण्याचं धाडस! मादी त्यावरही भाळते."

"आणि टक्कल?" मागून कुणीतरी विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून पंख फिरवला. "त्यावर तर विशेष."

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या वानरांना दाढ्या आल्या. भुरकीच्या नवऱ्याने, लंबूने, डिंकाने वेली चिकटवल्या होत्या.

"अहो, हे काय? निम्मा पाला दाढीतच अडकतोय."

"तुला नाही कळायचं. तू आतून भाळली आहेस."

दुपारी बिबट्या आला. सगळे वर पळाले. लंबूची दाढी बाभळीत गुंतली आणि तो हनुवटीने लोंबकळू लागला. बिबट्या खोड चढायला लागला.

भुरकी तशीच खाली उतरली. तिने दातांनी वेली कुरतडल्या. डिंकाबरोबर हनुवटीचं कातडंही सोललं. पण दोघं शेंड्याच्या बारीक फांदीवर पोचली. तिथवर यायची बिबट्याची छाती झाली नाही. गुरगुरत तो निघून गेला.

लंबू रडवेला झाला. "आता मी आवडेन का गं तुला?"

"लग्नाच्या वेळी होती का तुम्हाला दाढी?"

"नव्हती. मग काय पाहिलंस?"

"पुरात सगळे पळाले. तुम्ही मागे फिरून माझ्या म्हाताऱ्या आईला फांदीवर ओढून घेतलंत. ते पाहिलं."

लंबूने सोललेली हनुवटी पुढे केली. भुरकी त्याची जखम चाटू लागली.

वरच्या फांदीवर डॉक्टर करकोचे घाईघाईने लिहीत होते : 'मादी नराची दाढी आवडीने खाते. सिद्धांत सिद्ध!'

तात्पर्य : बाईला काय आवडतं हे शास्त्रशुद्ध जाणून घ्यायचं असेल, तर तिला सोडून सगळ्यांना विचारावं.