घुबड असल्याचा पुरावा

घुबडाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून डॉक्टर म्हणाले, "शनिवारपर्यंत काढायची नाही. टीव्ही नाही, मोबाइल नाही, कॉम्प्युटरचं तर नावही काढायचं नाही." त्यावर घुबडाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मग त्या त्रेचाळीस बदलांचं काय?"

डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. "डोक्यालाही मार लागलाय का?"

"नाही, ते आधीपासून असंच आहे," बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर. दुसऱ्याच्या वेदनेकडे शांतपणे बघण्याची तिला सवय होती.

झालं होतं एवढंच, की पुस्तकांचं शेल्फ लावायला घुबडाने स्टुलावर चढून भिंतीत ड्रिल चालवलं. गॉगल घालायचा असतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने तो घातलाही होता, पण कपाळावर. भिंतीचा सगळा भुगा डोळ्यांत गेला आणि वर त्याने ते चोळचोळ चोळले.

'घुबड' हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते 'हमाल'च्या मंडळींतलं टोपणनाव. आपण इंटरनेटवर एखादं पान उघडायला जातो तेव्हा ते पान उचलून आपल्यापुढे आणून ठेवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला वेब सर्व्हर म्हणतात. हमाल हा असाच एक सर्व्हर, जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही यावं, वाचावं, बदल सुचवावा. मालक कुणी नाही, पगार कुणाला नाही. कासव नावाच्या एका गृहस्थाने तो नऊ वर्षांपूर्वी सुरू केला. लिंबू नावाची एक बाई त्यातल्या चुका शोधत असे आणि नावाला जागून त्या सांगत असे. आलेले बदल तपासून पसंत पडले तर मूळ कोडमध्ये मिसळायचे, म्हणजे मर्ज करायचे, हे काम घुबडाकडे. नऊ वर्षांत या तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे संबंध चांगले होते.

शुक्रवारी हमालाची सातवी आवृत्ती निघायची होती. ती निघाली की कासव बाजूला होणार होता, आणि त्याच्या जागी घुबड येणार हे जवळपास ठरलेलं होतं. अशा मोक्याच्या आठवड्यात त्रेचाळीस बदल तुंबलेले आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी.

"अप्पा करतील की टाइप," बायको म्हणाली. "तू बोल, ते लिहितील. नाहीतरी दुपारभर घड्याळाकडेच बघत बसलेले असतात."

अप्पा म्हणजे तिचे वडील. घरं-जमिनींची नोंदणी करणाऱ्या कचेरीत छत्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची चौदा हेडक्लार्क म्हणून. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी घरात आलेलं विजेचं बिलसुद्धा ते उलटं करून मागची बाजू तपासत. टायपिंगची परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिलेली, त्यामुळे लॅपटॉपची बटणंही ते दाबत नसत, ठोकत.

मंगळवारी सकाळी सासरे-जावई टेबलाशी बसले. घुबडाने आधी कामाची माहिती दिली.

"म्हणजे हा तुमचा हमाल आमच्या ऑफिसातला शिपाई," अप्पा म्हणाले. "फाइल मागितली की आणून द्यायची."

"अगदी बरोबर."

"आणि पगार कुणालाच नाही?"

"नाही."

"मग भांडणं कशावरून होतात?"

"मानावरून," घुबड म्हणाला.

अप्पांनी समाधानाने मान हलवली असावी, कारण खुर्ची करकरली. "चला. पहिलं प्रकरण घ्या."

पहिला बदल किरकोळ होता. घुबड म्हणाला, "लिहा, 'मस्त. घेतो.' आणि हिरवं बटण दाबा."

त्यानंतर जवळजवळ दोन मिनिटं टेबल हादरत राहिलं.

"अप्पा, मी दोन शब्द सांगितले. एवढं काय टाइप केलंत?"

"स्पेलिंग सुधारत होतो."

दुपारपर्यंत असंच चाललं. घुबड दोन शब्द सांगे आणि अप्पा परिच्छेद ठोकत. संध्याकाळी बायको दवाखान्यातून परतली तेव्हा अप्पांनी जाहीर केलं, "एकतीस प्रकरणं निकाली." घुबडाचं मन भरून आलं. त्याला वाटलं, आपण उगाच म्हाताऱ्या माणसावर शंका घेत होतो.

बुधवारी सकाळी फोन वाजला.

"घुबड? मी कासव."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच आवाज ऐकत असल्याने घुबड उभाच राहिला आणि गुडघा टेबलावर आपटला.

"तू बरा आहेस ना?" कासवाने विचारलं. "नाही, काल तू एका दिवसात एकतीस बदल परत पाठवलेस म्हणून विचारतो."

"परत?"

"एकाला लिहिलंयस, 'सदर बदल कशासाठी, याचा खुलासा दिसून येत नाही.' दुसऱ्याला, 'मागील बदलाचा संदर्भ जोडलेला नाही.' लिंबूला लिहिलंयस, 'भाषा सौम्य करून फेरसादर करावे.' लिंबूला! आणि मला विचारलंयस की हमालात हात घालायचा मला अधिकार काय, ते कळवावं. अरे, मी तो लिहिलाय!"

घुबडाने अप्पांच्या दिशेने पट्टी रोखली. अप्पांच्या बाजूने वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

खरं सांगावं, तर आपलं खातं दुसऱ्याच्या हाती देणं हमालाच्या नियमांत बसत नव्हतं, आणि तो नियम घुबडानेच लिहिलेला होता. "जरा शिस्त आणावी म्हटलं," तो पुटपुटला.

"लोक भडकलेत," कासव म्हणाला. "पण गंमत अशी झालीय की, चौदा जण कारण लिहायला बसले आणि त्यांना कारणच सापडेना. त्यांनी बदल मागे घेतले. आणि लिंबूने 'कृपया' हा शब्द वापरला. मी पडद्याचा फोटो काढून ठेवलाय. चालू दे तुझं, पण शुक्रवार चुकवू नकोस."

फोन ठेवल्यावर घुबडाने आवाज चढवला. लग्नानंतर अप्पांपुढे त्याने तो पहिल्यांदाच चढवला होता, त्यामुळे मध्येच फाटला.

"अप्पा, ही कचेरी नाही! लोक फुकट काम करतात इथे!"

"फुकट आलेलाच कागद जास्त तपासावा लागतो, जावईबापू," अप्पा शांतपणे म्हणाले. "आणि ते कासव तुम्हाला घुबड म्हणतंय. त्याला समज देऊ का?"

घुबडाने कपाळावर हात मारला. तो पट्टीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

गुरुवारी एकच महत्त्वाचं काम उरलं होतं. नम्रसेवक नावाच्या एका नव्या माणसाने एक बदल पाठवला होता, त्याने हमाल दुप्पट वेगाने पानं वाहणार होता. सातव्या आवृत्तीची सगळी शान त्या एका बदलावर होती. नम्रसेवक माणूसही सोन्यासारखा. आठ महिने न कुरकुरता पडेल ते काम करत होता. लिंबू कितीही आंबट बोलली तरी तो आभारच मानायचा.

"त्याची पत्रं वाचून दाखवतो," अप्पा म्हणाले आणि वाचू लागले. "'आदरणीय घुबडजी, आपल्या दूरदृष्टीला वंदन. आपल्यासारखा जाणकार लाभला हे हमालाचं भाग्य.' आणखी अशी सतरा आहेत."

"चांगला मुलगा आहे," घुबड कौतुकाने म्हणाला.

"ज्याचे कागद स्वच्छ असतात, तो नमस्कार एकदाच करतो," अप्पा म्हणाले. "टेबलापाशी येऊन साहेबाच्या बुटांपर्यंत वाकणारा माणूस आला, की आम्ही आधी त्याचे कागद मोजायचो. ह्याने वर यादीत दहा फाइली लिहिल्यात. आत अकरा आहेत."

"असेल एखादी जास्तीची. कसली आहे?"

"चित्राची म्हणतो. पण चित्र उघडत नाही."

"चाचणीसाठी ठेवलं असेल. अप्पा, मी पाया पडतो तुमच्या, पाय कुठल्या दिशेला आहेत तेवढं सांगा. पण ते हिरवं बटण दाबा!"

खट्.

"दाबलं," अप्पा म्हणाले.

कुठलं ते घुबडाने विचारलं नाही. बटण लाल होतं, आणि त्याच्यासोबत अप्पांनी एकच ओळ जोडली होती: 'यादीत दहा, प्रत्यक्षात अकरा. अकराव्या फाइलीचं प्रयोजन सांगावं, चित्र कशाचं तेही सांगावं.'

नम्रसेवकाने तासाभरात उत्तर पाठवलं. त्यात वंदन होतं, भाग्य होतं, चित्र कशाचं ते नव्हतं. अप्पांनी तोच प्रश्न पुन्हा पाठवला. मग कधी न दिसलेली चार नवी मंडळी एकदम उगवली आणि घुबड कसा अडेलतट्टू आहे, त्याला काढून टाका, असा गलका करू लागली. चौघांचीही स्पेलिंगं एकाच जागी चुकत होती. अप्पांनी चौघांनाही तोच प्रश्न पाठवला. शुक्रवारी सकाळी आदरणीय घुबडजींचा 'मूर्ख म्हातारा' झाला, आणि अप्पांना पहिल्यांदाच आपली दखल घेतली गेल्यासारखं वाटलं.

यातलं घुबडाला काहीच माहीत नव्हतं. तो कोचावर पडून सातव्या आवृत्तीच्या प्रकाशनाचं भाषण तोंडी पाठ करत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"घुबड," कासवाचा आवाज कापत होता, "लिंबूने ती अकरावी फाइल फोडली. चित्र नाहीये ते. चोरदरवाजा आहे! हमाल जिथे जिथे चालतो तिथल्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये त्या नम्रसेवकाला शिरता आलं असतं. दवाखाने, ग्रंथालयं, सगळीकडे! तो पळाला, खातं बंद करून. आम्ही सगळे आठ महिने त्याच्या गोड बोलण्याला भुललो. तुला रे कसं कळलं?"

आपण अप्पांच्या पाया पडून काय मागत होतो ते घुबडाला आठवलं. समोर अप्पा होते. बायकोही दवाखान्यात जायला निघालेली, दारात थबकली होती. तिच्या किल्ल्यांचा आवाज थांबला होता. खरं बोलायला याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"मी..." घुबड म्हणाला, "फाइली मोजल्या."

किल्ल्या पुन्हा वाजल्या. "पचेल का हे?" बायको म्हणाली आणि दार लावून निघून गेली.

"वा!" तिकडे कासवाला गहिवर आला होता. "आठ महिन्यांत कुणी मोजल्या नाहीत. हमाल आजपासून तुझा. मी आता खरंच झोपतो."

घुबडाने चोरट्या आवाजात विचारलं, "अप्पा, रागावलात?"

"छे हो," अप्पा म्हणाले. "साहेबाची सही असते, टिपण खालून येतं. छत्तीस वर्षं तेच केलं."

शनिवारी पट्टी निघाली. सोमवारी घुबड हमालाचा प्रमुख म्हणून लॅपटॉपपुढे बसला. जग स्वच्छ दिसत होतं. लोक त्याला 'घुबडसाहेब' लिहू लागले होते. कुणीतरी त्याच्या शेऱ्यांचा संग्रह करून नवशिक्यांसाठी टाकला होता. घुबडाला वाटलं, आता आपल्या पद्धतीने, मोकळेपणाने कारभार करावा. त्याने एक छोटा बदल उघडला, वरवर नजर टाकली, 'भारीच रे दोस्ता!' असं लिहिलं, शेवटी एक हसरा चेहरा टाकला आणि हिरवं बटण दाबलं.

सहा मिनिटांत त्याचं खातं गोठलं.

पडद्यावर लिंबूची नोंद होती: 'घुबडसाहेबांनी खुलासा न मागता मंजुरी दिली. फाइली मोजल्या नाहीत. शिवाय हसले. खातं चोरीला गेलेलं आहे, कृपया सावध राहावं.'

घुबडाने घाईघाईने कासवाला फोन लावला. "अरे, मीच आहे! आवाज ओळख ना!"

"आवाज त्यांचाच वाटतो," कासव सावधपणे म्हणाला, "पण आवाजाचं काय, हल्ली आवाजही चोरतात. घुबडसाहेब कुणाला दोस्त म्हणणार नाहीत. तुम्ही खरोखर ते असाल तर लेखी अर्ज करा. कसा करायचा ते त्यांच्याच शेऱ्यांत दिलंय." आणि फोन बंद झाला.

घुबड लॅपटॉप उचलून बाहेरच्या खोलीत गेला. अप्पा पाण्याच्या बिलाची मागची बाजू वाचत होते.

"अप्पा, एक अर्ज लिहून द्याल का? त्यांना पटेल असा."

अप्पांनी बिल घडी करून ठेवलं, लॅपटॉप पुढे ओढला आणि बोटं मोडली. "अर्जदार कोण?"

"मी."

"मी म्हणजे?"

"घुबड."

"आपण घुबड आहात याला पुरावा काय?"

"पुरावा काय म्हणजे?" घुबड काकुळतीला आला. "तुम्ही आहात की, अप्पा! सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालंय. लिहा ना, मी ह्यांना ओळखतो म्हणून."

अप्पांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. नजरेत माया होती, पण छत्तीस वर्षांची नोकरीही होती.

"नातेवाइकाची साक्ष चालत नाही, जावईबापू," ते म्हणाले.