चारी लावू का?

साल २०२२, माझं वय एकाहत्तर. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या सर्जेरावनं फोर व्हील ड्राइव्हची जीप घेतली आणि पहिल्याच दिवशी ती घेऊन कोपऱ्यावर दाढी करायला गेला. दुकान आमच्या फाटकातून दिसतं. न्हावी ब्रश हातात धरूनच बाहेर आला. त्याला वाटलं, तपासणीला साहेब आले.

सर्जेराव सरकारी डायवर. सारी नोकरी साहेबाची जीप कॅनॉलवरून, काळ्या रानातल्या चिखलातून हाकली. रिटायर झाला, बायको वारली, पोरगं पुण्याला. परभणीत जिंतूर रोडला आमची कॉलनी, रस्ते सगळे सिमेंटचे. दूध, भाजी, दाढी, एवढाच जीपचा मुलूख. कुठं नळ फुटून पाणी साचलं की हा थांबणार, मागं बसलेल्याकडं वळून अदबीनं विचारणार, "साहेब, चारी लावू का?" मग छोटी दांडी खटकन ओढून, चारी चाकांना जोर देऊन टाचभर पाणी पार करणार.

पुढं कुणाला बसू द्यायचा न्हाई. "साहेब मागं बसतेत." दार स्वतः उघडायचा. लोकांना आठ दिवस लय मजा वाटली. मग जीप दिसली की लोक गल्ली बदलू लागले. समोरच्या मास्तरीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, "भाऊ, कोथिंबिरीच्या जुडीला जीप कशाला?"

मी तर कधीच बसलो न्हाई. शाळा तिसरीपर्यंत, पण फुकटात कुणाच्या गाडीत बसलेला माणूस न्हाई मी. "दोन पाय बस हायत मला," असं त्याला ठणकावून सांगितलं होतं.

एका संध्याकाळी तो बंद जीपमध्ये नुसताच बसलेला.

"काय डायवर, बंद पडली का?"

"न्हाई आण्णा. पोरगं म्हनायलंय, ईकून टाका. कुणी बसत न्हाई तर कशाला ठेवायची? उद्या पालमचं गिऱ्हाईक यायलंय."

"मग एकटेच फिरा की. रस्ते तर सगळे पाठ हायत."

त्यानं स्टेअरिंगवरून हात फिरवला. "रस्ते पाठ हायत, आण्णा. कुठं जायचं ते दुसऱ्यानं सांगायचं, अशी सवय. डूटीवर साहेब सांगायचे, घरी ही सांगायची. आता कुणीच सांगंना."

घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, दुधाची किटली घेतली आणि जीपच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्यानं पळत येऊन दार उघडलं. मी बसलो.

"डेअरीवर घ्या. आणि गिऱ्हाइकाला कळवा, गाडी डूटीवर हाय."

त्यानं मान हलवली, पण गाडी काही काढंना. रस्ता कोरडा ठाक होता. तरी मीच म्हणालो, "चारी लावा."