थोरले जावई बेस वाजवतात

साध्या गिटारला सहा तारा असतात आणि बेस गिटारला चार. सहापेक्षा चार शिकायला सोप्या, एवढ्या एकाच विचारावर मी बेस गिटार घेतली. (मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स क्लार्क. स्टोअर्समधल्या माणसाचा विचार याच्या पुढे जात नाही. पार्ट कमी तर कटकट कमी.) आमच्या वेल्फेअर क्लबने तेव्हा ऑर्केस्ट्रा काढायचं ठरवलं होतं आणि नाव द्यायला मी सगळ्यात आधी पोहोचलो होतो.

मुळात मला स्वस्थ बसता येत नाही. बसमध्ये पाय हलतो, मीटिंगमध्ये पेन वाजतं, जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालतात. साहेब बोलत असताना मी त्यांच्याच टेबलावर ठेका धरला होता, त्याचा मेमो आहे माझ्याकडे. मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की या हातांना काही काम मिळालं तर तिची भांडी तरी वाचतील. तिनेच घ्या म्हटलं. पुढे जे झालं त्यात तिचाही वाटा आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

बेस गिटारवाल्याची दुःखं कुणाला सांगून पटत नाहीत. कंपनीच्या वॉचमनपासून सासूबाईंपर्यंत प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "दोन तारा तुटल्या वाटतं?" सासूबाईंनी तर नांदगावहून मुद्दाम फोन केला, "तेवढ्या दोन बसवून घ्या बरं. अर्धवट वस्तू घरात ठेवू नये." ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा महेश म्हणाला, "बेसचे खालचे सूर तर मी डाव्या हाताने देतोच. पण तू ये. स्टेज भरल्यासारखं दिसतं."

स्नेहसंमेलनात मी दोन तास घाम गाळून वाजवलं. घरी येताना मनीषाला विचारलं, "कसं झालं?"

"छान. तुम्ही कधी वाजवलंत?"

"अगं, पूर्ण वेळ! बेस ऐकू येत नसतो, तो जाणवतो."

"मला तर मागे भजी तळत होते तेवढंच जाणवलं," ती म्हणाली.

असो. तर हे दोन हजार चार सालचं. माझी धाकटी मेहुणी छाया हिचं लग्न जमत नव्हतं. एक स्थळ चहा थंड निघाला म्हणून गेलं, दुसरं कशावरून गेलं ते अजून कळलेलं नाही. तिसरं आलं ते मखमलाबादकडच्या मळेकऱ्यांचं. त्यांची गुलाबाची शेती होती. मुलगा चंदर शांत, कामाचा, आणि मुख्य म्हणजे छायाला मनापासून आवडलेला. एरवी तोंडातून शब्द न काढणारी ती पोरगी तेव्हा आमच्याकडेच राहायला होती आणि दिवसातून तीनदा ताईला विचारायची, "त्यांचा काही निरोप?" तिचा तो चेहरा बघून मलाच कसंतरी व्हायचं.

बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी, सातपूर कॉलनीत झाला. चंदरच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आजोबांचा, सहादूबाबांचा. पोहे खाता खाता बाबांची नजर कोपऱ्यातल्या गिटारवर गेली.

"हे काय हाय?"

"गिटार," मी म्हणालो.

"साधी नाही बाबा," मनीषा कौतुकाने म्हणाली. "हे बेस वाजवतात!"

आता आपल्या खेड्यापाड्यात 'बेस' म्हणजे उत्तम. जेवण बेस झालं, पाऊस बेस झाला. म्हाताऱ्याचे डोळेच चमकले. "बेस वाजवतात? स्वतःच्या बायकूनं सांगितलं म्हंजे खरंच आसंल. मंग साखरपुड्याला होऊन जाऊ द्या, पाव्हणं!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं तोच माझे सासरे खंडेराव यांनी माझा गुडघा दाबला. "वाजवतील की!" ते म्हणाले. "थोरले जावई आहेत आमचे."

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "मामा, बेस एकटी वाजवत नसतात हो. ताटात नुसतं मीठ वाढल्यासारखं होईल ते."

"मग मीठ वाढा, प्रफुल्लराव. पण आता नाही म्हणू नका. बाबा उठताना काय म्हणाले, ऐकलंत ना? पाव्हण्यांचं एक बोलणं खोटं निघालं की बाकीचं तपासाया लागतं."

"तपासू दे की. छायाची बारावी खरीच आहे ना?"

"खरीच आहे हो," सासरे रडकुंडीला येऊन म्हणाले. "पण एकदा तपासायला बसलं की माणसाला खरंही खोटं दिसायला लागतं. पोरीचं तिसरं स्थळ आहे. गिटारीपायी मोडलं तर मी काय तोंड दाखवू तिला?"

म्हणजे छायाचं लग्न आता माझ्या चार तारांवर येऊन बसलं. मी महेशच्या हातापाया पडलो, पण त्याला त्या दिवशी सिन्नरला कार्यक्रम होता. मग माझं जे काही सुरू झालं ते विचारू नका. रात्री झोपेत मनीषाच्या दंडावर बोटं वाजायची. सकाळी चहाआधी सराव, संध्याकाळी कपडे न बदलता सराव. एक सगळ्यांना पाठ असलेलं भजन मी निवडलं होतं. त्यातला बेसचा भाग वाजवला की मांडणीतली ताटं थरथरायची, पण भजन कोणतं ते काही केल्या कळायचं नाही. मनीषाने तीन अंदाज केले. शेवटचा राष्ट्रगीत होता.

साखरपुडा खरं तर नांदगावला व्हायचा, पण सहादूबाबांनी निरोप धाडला की मळ्यावरच या. तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता. घरातले दिवे-पंखे चालायचे, पण विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लागते, ती पाळीपाळीने यायची. त्या आठवड्यात त्यांची पाळी दिवसाची होती. केव्हा येईल नेम नाही, आली की मोटार ऑटो स्विचवर आपोआप सुरू व्हायची आणि मग मळ्यातल्या झाडून सगळ्यांनी पाणी द्यायला धावायचं. आधीची पाळी वाया गेली होती, गुलाब सुकायला लागले होते. घर सोडून कोण येणार?

आम्ही स्कूटरवरून निघालो. ॲम्प्लिफायर माझ्या पायांत, गिटार मनीषाच्या मांडीवर उभी. (ओळखीचे सगळे नेमके त्याच दिवशी रस्त्यावर होते.) मळ्यात अंगणात मांडव होता. पाहुणे बसले होते, पण यजमानांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चंदरची आई रंगूबाई पाणी देता देता मान वाकडी करून विहिरीकडे कान लावायची. चुलते बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. इतकी अस्वस्थ माणसं एका जागी मी प्रथमच पाहत होतो आणि मला तिथे अगदी घरच्यासारखं वाटलं.

"विधी होतीलच," सहादूबाबा म्हणाले. "आधी पाव्हण्यांचं वाजवणं होऊ द्या."

ॲम्प्लिफायर ठेवायला मला एक पत्र्याचं रिकामं पिंप पालथं घालून दिलं. घरातून वायर ओढून पिन लावली. मांडव शांत झाला. छाया खाली मान घालून बसली होती, पण पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.  म्हटलं, आधी नुसती जाड तार छेडून अंदाज घेऊ. छेडली. हात एकदा सुरू झाला की थांबत नाही, छेडतच राहिलो. पिंप घुमायला लागलं.

घूंऽऽऽऽऽ.

"लाइट आली!" रंगूबाई ओरडल्या. "मोटार चालू झाली वो मामंजी!"

पुढचं इतक्या वेगात झालं की मला वाजवणं थांबवायचंही सुचलं नाही. चुलते उठले, चुलत्या उठल्या. धोतर आवरत सहादूबाबा उठले. नवरदेव टिळ्यासाठी घातलेली नवी टोपी सावरत फावडं घेऊन पळाला. कुणी वायरीत अडखळलं, कुणी सतरंजीत. बघता बघता मुलाकडचा मांडव ओस पडला. मुलीकडचे आम्ही तेवढे समोरासमोर बसून राहिलो.

"प्रफुल्लराव," सासरे हळूच म्हणाले, "काय वाजवलंत काय तुम्ही?"

"अजून सुरू केलं नव्हतं," मी म्हणालो.

थोड्या वेळाने मंडळी परत आली. चिखल नाही, पाणी नाही, नुसती धूळ. पाणी शिरायला वाफ्यांची मातीची दारं मोडून तयार ठेवली आणि बघतात तर मोटार गप्प. रंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे पाहिलं.

"आगं बया! ह्ये वाजत व्हतं व्हय?"

मांडवात कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. सहादूबाबा धापा टाकत खाली बसले. छायाने माझ्याकडे एकदाच वर पाहिलं. मला वाटलं, हेही गेलं. आणि या वेळी कशावरून गेलं ते तरी सगळ्यांना कळेल.

"चूक आमची हाय," बाबा म्हणाले. "पाव्हणा वाजवतोय आन् आपण उठून पळालो. गुमान बसा समदे. आता जो कुणी उठंल त्याला मी बघतो. पाव्हणं, पयल्यापासून घ्या."

मी डोळे मिटले, भजन मनात धरलं आणि वाजवायला लागलो. आवाज नाही. जोरात वाजवलं. तरी नाही. डोळा किलकिला करून पाहिलं तर ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझलेला. मघाच्या पळापळीत पिन निघाली होती. आता हे सगळ्यांदेखत कसं सांगावं, या विचारात मी मुक्या तारांवर बोटं फिरवत होतो, आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला.

घूंऽऽऽऽऽऽऽऽ.

विहिरीकडून. खणखणीत, भरदार, एका सुरात. थ्री फेज आली होती.

"मामंजी, मोटार..." रंगूबाई अर्धवट उठल्या.

"खाली बस!" बाबा गरजले. "मघाशी एकदा हसं केलंस तेवढं बास झालं."

रंगूबाई बसल्या. सगळे बसले. चुलत्यांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. मला काय करावं ते सुचेना. बोटं थांबवली तर आवाज चालूच राहणार, आणि पाव्हण्यांचं एक खोटं निघालं की बारावीची मार्कशीट मागवली जाणार. मी वाजवत राहिलो. म्हणजे, बोटं हलवत राहिलो. चंदरने विहिरीकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं, मग छायाकडे. आणि गप्प बसला. मुलगा संसाराला पक्का आहे हे मला तिथेच कळलं.

मोटार काही थांबेना. माझ्या बोटांना फोड यायची वेळ आली.

"वाजू द्या, वाजू द्या," बाबा खुशीत म्हणाले. "तंवर विधी उरकू."

मोटारीच्या सुरात टिळा लागला. मोटारीच्या सुरात छायाची ओटी भरली, साखरेचा पुडा हातात आला, अंगठ्या झाल्या. छाया हसत होती, सासरे डोळे पुसत होते. मग पंगत बसली. थोरल्या जावयाला ताट वाढून समोर ठेवलं होतं, पण हात रिकामे कुठे होते? जिलेबीची परात माझ्यासमोरून तीनदा गेली आणि चौथ्यांदा रिकामी गेली. (माझा पाय मात्र ठेक्यात हलत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.) वाफ्यांची दारं आधीच मोडलेली असल्यामुळे तिकडे गुलाब आपापलं पाणी पीत होते. भर मांडवात उपाशी काय तो मी एकटाच.

अखेर लाइट गेली. आवाज घरंगळत खाली आला आणि थांबला. मीही त्याच्याबरोबर हात वर उचलून शेवट केला. टाळ्या काय पडल्या म्हणता! सहादूबाबा उठून जवळ आले, पाठीवर थाप मारली.

"पयल्यांदा जरा बिचकत वाजवलं. पर दुसऱ्यांदा! कुठं अडखळणं नाय, कुठं दम लागणं नाय. घराण्यातली पोरगी केल्यासारखं वाटलं बघा."

सासऱ्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. बोटं ठणकत होती.

 परत येताना गंगापूर रोडला लागल्यावर मनीषाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं ती फारसं करत नाही.

"एक सांगू? इतके दिवस मला तुमचं वाजवणं कधी आवडलं नाही. पहिल्यांदा वाजवलंत तेही नाही कळलं. पण ते दुसरं ऐकताना ना, खरंच डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

गप्प राहिलो असतो तर जन्मभर मान राहिला असता. पण स्वस्थ बसणं आपल्याला जमतं कुठे? मी स्कूटर बाजूला घेतली.

"मनीषा, ती मोटार होती."

"कुठली मोटार?"

"विहिरीवरची. पाच हॉर्सपॉवरची. माझी पिन तर केव्हाच निघाली होती."

 तिने गिटार एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. खांद्यावरचा हात काढला.

"तरीच," ती म्हणाली.