लॉर्डसाहेबांचे सुतक

गणेशचतुर्थी तोंडावर आलेली असताना आमच्या सोसायटीतील श्री. अनंत नाईक माझ्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी आत बोलावले, तर ते मागे सरकले.

"नको, सेक्रेटरीसाहेब. सुतक आहे."

"अरेरे! कोण गेले?"

"आमचे लॉर्डसाहेब."

येथे खुलासा करणे आवश्यक आहे. लॉर्डसाहेब म्हणजे इंग्लंडमधील एक उमराव, तेथील वरिष्ठ सभागृहाचे सदस्य आणि एके काळचे मंत्री. त्यांचे नाव मी देत नाही. त्यांच्या वारसांची परवानगी मी घेतलेली नाही. नाईक म्हणजे बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहणारे, अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले अविवाहित गृहस्थ. या दोघांत रक्ताचा, विवाहाचा अथवा दत्तकाचा कोणताही संबंध नाही. तरीही लॉर्डसाहेबांच्या घरी कोणाला शिंक आली, तरी आमच्या जिन्यात ती कळते.

लॉर्डसाहेबांच्या कन्येचा विवाह झाला, तेव्हा नाईकांनी सोसायटीच्या सूचनाफलकावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी सुरुवात करून बातमी लावली आणि घरोघरी पेढे वाटले. सदर फलक केवळ सोसायटीच्या कामकाजासाठी आहे, हे मी त्यांना उपविधींचा हवाला देऊन लेखी कळवले. उत्तरादाखल त्यांनी पेढ्यांचा आणखी एक पुडा पाठवला. पुढे त्या कन्येचा घटस्फोट झाला. नाईक जिन्यात भेटले, ते उतरल्या चेहऱ्याने.

"जावई मला पहिल्यापासूनच पसंत नव्हता," ते म्हणाले. "पण आपलं ऐकतंय कोण?"

लॉर्डसाहेबांच्या धाकट्या चिरंजिवांनी पक्ष बदलला, त्या दिवशी तर नाईकांनी चहाही घेतला नाही. "आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं," एवढेच बोलले. आणि उल्हास नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते, तेव्हाची गोष्ट. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून दूरध्वनीवर नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला त्याची वैधानिक कर्तव्ये ऐकवत होतो. नाईक पायरीवर उभे. म्हणाले, "लॉर्डसाहेबांच्या तळघरातही पाणी शिरलं होतं. पण त्यांनी आवाज चढवला नाही." त्या क्षणी त्या उमरावाविषयी माझ्या मनात जे आले, ते लिहिणे अब्रुनुकसानीच्या व्याख्येत बसेल.

असो. हे सुतक मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. सोसायटीच्या गणपतीचा नैवेद्य म्हणजे नाईकांच्या हातचे उकडीचे मोदक. तसे मोदक आमच्या इमारतीत दुसऱ्या कोणालाही जमत नाहीत. माझ्या सौभाग्यवतींनाही जमत नाहीत, आणि हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. सुतक असलेला माणूस नैवेद्याला हात कसा लावणार?

मी तातडीची सभा बोलावली. नाईक सर्वांपासून अंतर राखून पाण्याच्या पंपाजवळ उभे राहिले. पहिला प्रश्न आमच्या लाजवंती भाभींनी विचारला. त्या मूळच्या उल्हासनगरच्या सिंधी. आमच्याकडे राहायला आल्यापासून आरतीला त्यांचाच आवाज सर्वांत वर असतो.

"नाईक काका, वो लॉर्ड आपका लगता क्या था?"

"आमचे मोठे होते, भाभी."

"अरे, बडे तो अपने नगरसेवक भी हैं! कल उनका सूतक रखोगे?"

सगळे हसले. नाईक हसले नाहीत. "तुम्ही हसा," ते शांतपणे म्हणाले, "पण मी पाळणार." आणि वर निघून गेले.

मी संतापलो. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या नावे पत्र तयार केले. मुद्दा पहिला, मृत व्यक्ती व अर्जदार सगोत्र नाहीत. मुद्दा दुसरा, मृत व्यक्तीचा धर्म भिन्न असून त्यात सुतकाची तरतूदच नाही. मुद्दा तिसरा, सबब हे सुतक प्रारंभापासूनच रद्दबातल आहे. पत्र स्वहस्ते देण्यासाठी मी त्यांच्याकडे गेलो.

नाईक जमिनीवर चटई टाकून बसले होते. दाढी वाढलेली. समोर ताटात नुसता भात. मला अपेक्षित होते दुःख. मला दिसले ते समाधान. मुंजीतला बटू पहिल्यांदा सोवळे नेसून बसतो, तसे ते ताठ बसले होते.

मी उभ्यानेच पहिला मुद्दा वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यांचं गोत्र मला माहीत नाही. पण सेक्रेटरीसाहेब, माझंही मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी आश्रमात वाढलो. अनाथाश्रमात. नाईक हे तिथल्या व्यवस्थापकांचं आडनाव, त्यांनी सगळ्यांनाच लावलं." त्यांनी ताट बाजूला सरकवले. "शाळेत एखादा मुलगा डोकं भादरून यायचा. मास्तर म्हणायचे, त्याला काही विचारू नका, त्याच्या घरी सुतक आहे. मला हेवा वाटायचा हो त्याचा. कारखान्यातही तेच. कुणाचे काका, कुणाची चुलत आजी. प्रत्येकाला जाण्यासारखं कुणीतरी होतं. सुतक यायला आधी माणसं लागतात. मला या वयापर्यंत एकदाही आलं नव्हतं."

मी पत्राची घडी केली. ती का केली, हे मला सांगता येणार नाही.

"पण मग हे लॉर्डच का?" मी विचारले.

"ते आमच्या कंपनीच्या विलायतेतल्या मंडळावर होते. एकदा कारखाना बघायला आले. माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, घरचे सगळे बरे आहेत ना? त्यांच्याकडे ती नुसती रीत असेल. पण मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, हो साहेब, सगळे मजेत." नाईक किंचित हसले. "होकार देऊन बसलो. मग घरचे शोधणं आलं. त्यांचेच धरले. त्यांच्याकडे भरपूर होते."

मी खाली आलो आणि सुतक मान्य असल्याचे सर्वांना कळवले. कारण विचारणाऱ्यांना सेक्रेटरीचा अधिकार काय असतो, ते सांगितले.

चतुर्थीला मोदक लाजवंती भाभींनी केले. नाईक जिन्याच्या वरच्या पायरीवरून सूचना देत होते.

"काका, ये तो फट गया!"

"बोटाला पाणी लावा, भाभी! तेल नको! आणि पारी अजून पातळ करा!"

"इससे पतली तो मेरी किस्मत भी नहीं है!"

मोदक समोशासारखे झाले. बाप्पांनी तक्रार केली नाही. मीही केली नाही, आणि सोसायटीच्या इतिहासात याची नोंद व्हावी.

सुतक फिटल्यावर नाईक न्हाऊन, स्वच्छ सदरा घालून आले. या वेळी आत येऊन बसले. मी सौभाग्यवतींना व चिरंजिवांना समोर बोलावून अधिकृतपणे सांगितले, "माझ्या पश्चात या गृहस्थांना आपल्या भाऊबंदांत धरावे. यांना प्रथम कळवावे व यांनी सुतक पाळावे."

"बाबा, हे कोणत्या कायद्यात बसतं?" चिरंजिवांनी विचारले.

"माझ्या," मी म्हणालो.

नाईकांनी चष्मा काढून पुसला. मग तो पुन्हा लावून माझ्याकडे निरखून पाहिले.

"तब्येत ठीक आहे ना तुमची?"

"उत्तम आहे."

"मग घाई नाही. पण मला सगळं नीट माहीत असायला हवं. आपल्याकडे कोण कोण आहे?"

मी सांगू लागलो. चिपळूणची आत्या, तिचे मुलगे, साताऱ्याचे चुलतभाऊ. नाईक प्रत्येक नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहत होते. मी थांबलो.

"आणि सख्खं कुणी?"

"एक धाकटा भाऊ आहे. पालेगावला असतो. आमचे बोलणे नाही. दावा चालू आहे."

"बोलणं नसलं, तरी सुतक येतंच ना?"

"येते," मी म्हणालो.

"मग नाव सांगा."

मी फार दिवसांनी ते नाव तोंडाने उच्चारले. नाईकांनी ते इतर नावांसारखेच हळू म्हणून पाहिले, आणि विचारले, "घरचे सगळे बरे आहेत ना त्याच्या?"

मला माहीत नव्हते. उद्या पालेगावला जाऊन विचारून येऊ, असे आमचे ठरले.